मातीचा लांडगा, पुठ्ठ्याची भोकं, रेडियमचे डोळे : प्रायोगिक प्राणिचित्राची पहिली पाटी

प्राण्याच्या चित्रात तंत्रज्ञान आणायचं म्हटलं की बहुतेकांना पहिल्यांदा सुचतो तो डोळ्यातला लाल दिवा. तो पेटला की लांडग्याचं खेळणं होतं. असं का होतं? लांडगा लाल दिव्याने बघत नाही, म्हणून. या लेखातली पद्धत एका साध्या अटीवर उभी आहे: प्राण्याचं अंग जे काम करतं, तेच काम करणारी वस्तू शोधायची. तशी वस्तू सापडत नसेल तर त्या जागी नुसता कुंचला चालवावा.

पहिल्या चित्रासाठी लांडगा निवडला आहे. सोलापूरपासून साधारण 20 किलोमीटरवर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. 1979 सालापासूनचं हे अभयारण्य माळढोकाच्या नावाने ओळखलं जात असलं तरी त्या माळावर काळवीट, लांडगा आणि खोकडही आहेत. आपला लांडगा माळाच्याच रंगाचा असतो. पाठीवरच्या फिकट केसांची टोकं काळी असतात आणि रात्री बॅटरीच्या झोतात त्याचे डोळे चमकतात. या तिन्ही गोष्टी करायला सोलापुरात तीन वस्तू हाताशी आहेत: रानातली माती, जकार्ड मागाचे भोकं पाडलेले पुठ्ठे आणि गाडीच्या नंबरप्लेटवर लावतात ते रेडियम.

आधी चित्र ठरवा

पाटीचा आकार 45 × 60 सेंटिमीटर. अंग आडवं आणि तोंड आपल्याकडे वळलेलं, म्हणजे दोन्ही डोळे दिसतात. पूर्ण बाजूचा चेहरा घेतला तर एकच डोळा चमकेल आणि तो चुकून मारलेल्या खिळ्यासारखा दिसेल.

नवशिक्यांचा लांडगा हमखास अल्सेशियन होतो. तो टाळायला चार गोष्टी पाहा. पाय लांब आणि बारीक हवेत, छाती अरुंद हवी, अंगाच्या मानाने कान मोठे हवेत आणि शेपूट खाली लोंबती हवी. उन्हाळ्यात केस इतके आखूड असतात की बरगड्यांचा भास होतो. थंड प्रदेशातल्या लांडग्यांचे केसाळ फोटो समोर ठेवाल तर सोलापूरच्या माळावर हिमालय उतरेल. फोटो स्वतः काढलेला किंवा वापरायची मोकळीक असलेला घ्या. फोटोसाठी बिळाजवळ जाऊ नका आणि रात्री गाडीचे दिवे मारत हिंडू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी आहे.

पाटी

6 मिलिमीटरचा प्लायवूड कापून आणा. मागे चारही कडांना 25 मिलिमीटर उंचीच्या पट्ट्या ठोका. पाटी ताठ राहते आणि पुढे डोळ्यांत दिवे लावायचे ठरलं तर मागे सर्किटला जागा मिळते. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतो, पण त्याच्या कडा पाणी पितात आणि फुगतात. घ्यायचाच असेल तर कडांना गोंदाचे दोन हात आधी द्या.

डोळ्यांची जागा पेन्सिलने नक्की करून 3 मिलिमीटरची दोन भोकं आत्ताच पाडा. रंग चढल्यावर ड्रिल लावलं की कडेचा थर खपल्यांनी उडतो. ड्रिल पुढच्या बाजूने लावा आणि मागे लाकडाचा तुकडा दाबून धरा, नाहीतर मागची चिलपी फाटते. भोकाची आतली भिंत काळ्या रंगाने रंगवा. ती कच्ची ठेवली तर दिव्याचा उजेड प्लायच्या थरांतून पसरतो आणि डोळ्याऐवजी गाल चमकतो.

आता अस्तर. एक भाग पांढरा गोंद, एक भाग पाणी, दोन भाग खडूची भुकटी. पुढे तीन पातळ हात, मागे एक. मागचा हात चुकवू नका, एकाच बाजूने ओल बसली की पाटी वाकते. हात वाळला की 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. तेलाचा प्रायमर इथे चालत नाही, त्यावर पाण्याचे रंग धरत नाहीत आणि पुढे सोलून निघतात. डोळ्यांच्या भोकांत अस्तर भरू नये म्हणून त्यात काडी खोचून ठेवा.

मातीचे रंग

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त चित्रं इथेच बिघडतात.

तीन मात्या लागतील: काळी माती, पिवळट किंवा तांबूस मुरूम आणि चुनखडी. काळ्या रानात मिळणारे पांढरे खडे कुटले की चुनखडीचं काम भागतं. माती स्वतःच्या किंवा विचारून दुसऱ्याच्या रानातून आणा, अभयारण्यातून नाही. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेतली माती घेऊ नका, फवारणीची औषधं तिच्यात असतात आणि तुम्ही ती हातांनी मळणार आहात. पडीक रानात वरचा चार बोटांचा थर बाजूला सारून खालची घ्यावी.

एक किलो माती पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी हाताने चांगली कालवा आणि दोन मिनिटं थांबा. वाळू, कचखडी तळाला बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्या. मुरमाचं पाणी रात्रभरात निवळतं. काळीचं निवळत नाही, तिचे कण इतके बारीक असतात की ते दिवस दिवस तरंगत राहतात. त्यात चिमूटभर तुरटी फिरवा. माती गोळा होऊन खाली बसली की वरचं पाणी काढून टाका आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. धुण्याचा कंटाळा केला तर मातीतले क्षार चित्र वाळल्यावर पांढऱ्या बुरशीसारखे वर येतात, भिंतीला खार फुटतो तसे.

उरलेला चिखल जुन्या सुती कापडावर सावलीत वाळवा, खलात कुटा, मलमलीतून गाळा. कोरडी माती कुटताना, गाळताना एन95 मुखपट्टी बांधा. ती बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही.

आता काळीची खोड. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तीच भेग चित्रावर पडते, फक्त केसाएवढी. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर असताना पंख्याखाली जाड थर वाळवला तर तासाभरात जाळं उमटतं. उपाय एकच: काळी माती कधी एकटी वापरू नका. एक भाग काळीला दोन भाग मार्बल पावडर घाला. न आक्रसणारे कण मध्ये बसले की थर ताणला जात नाही. रंग राखाडी पडतो, तो परत गडद करायला कोळशाची वस्त्रगाळ पूड घाला. थर पोस्टकार्डाहून जाड नको.

मुरमाचा रंग वाढवायचा असेल तर पिवळा मुरूम पत्र्याच्या डब्यात भरून निखाऱ्यात तासभर ठेवा. पिवळ्याचा तांबडा होतो, कारण त्यातल्या लोहाच्या संयुगातलं पाणी उडून जातं. थोडा भाजला तर बदामी, जास्त भाजला तर थेट शेंगाचटणीचा रंग. लांडग्याच्या कानामागे आणि पायांवर हाच लागतो. डबा घरातला नको, आणि हे उघड्यावर करा.

मातीला धरून ठेवायला ॲक्रिलिकचं मॅट मीडियम वापरा. प्रमाण: 20 ग्रॅम माती, 10 मिलिलिटर पाणी, 20 मिलिलिटर मीडियम. माती आधी पाण्यात काचेवर घोटून घ्या आणि मीडियम शेवटी घाला. उलट केलं तर गुठळ्या राहतात. बाभळीचा डिंक जास्त सुंदर, कागदावर तर त्याला तोड नाही. पण डिंकाचा थर पाणी लागलं की पुन्हा विरघळतो आणि पुढे पुठ्ठ्याने थरावर थर द्यायचे आहेत. पहिल्या चित्रात डिंकाचा हट्ट धरू नका.

वाळल्यावर कोरड्या कापसाने घासून पाहा. कापसावर माती आली तर मीडियम कमी पडलं. पृष्ठभाग चकाकला, तर जास्त झालं. प्रत्येक मिश्रणाचा एक चौकोन पुठ्ठ्यावर लावून प्रमाण खाली लिहून ठेवा. ओली माती गडद दिसते आणि वाळली की फिकी पडते, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये.

माळ

आकाश आणि गवत यावर फार वेळ घालवू नका. फिकट मुरमाचा एक हात, वर चुनखडीचा ओबडधोबड दुसरा. कुसळी किंवा मारवेलच्या वाळक्या काड्यांची मूठ बांधून तिनेच रंग ओढा. गवताच्या रेघा गवताने आल्या की कुंचल्यासारख्या गुळगुळीत दिसत नाहीत.

खरं गवत चित्राला चिकटवायचा मोह होतो. किडे लागतात, हात लागला की चुरा होतो. कुसळीची तर वेगळीच तऱ्हा, तिचं कुसळ हवेतली ओल मिळाली की पीळ सोडतं आणि वाळलं की पुन्हा पीळ खातं. जमिनीत बी रुतवायला तिने केलेली ही सोय पावसाळ्यात तुमच्या चित्रावरही चालते, आणि चिकटवलेली कुसळं उठून उभी राहतात.

पुठ्ठ्याची भोकं

सोलापुरी चादरीची नक्षी ज्या मागावर उठते, त्या जकार्डची युक्ती 1804 च्या सुमाराची आणि फ्रान्समधली. पुठ्ठ्यात भोक असेल तिथे सुई आत जाते, तिचा हुक वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा दोरा. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, दोरा खालीच राहतो. होय किंवा नाही, एवढीच भाषा. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी पुठ्ठ्यांची हीच कल्पना उचलली. शहराच्या पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जुन्या मागांचे टाकाऊ पुठ्ठे विचारल्यास मिळू शकतात. दोऱ्याने एकमेकांना शिवलेल्या लांब माळा असतात त्या.

लांडग्याला हे का? त्याच्या पाठीचा करडेपणा हा एक सलग रंग नसतो. फिकट केस आणि त्यांची काळी टोकं, असा तो ठिपक्यांचा खेळ असतो. फिकट मुरमावर काळे ठिपके पडले की लांबून तोच करडा दिसतो आणि जवळून चादरीची वीण.

जुना पुठ्ठा तेलकट असतो. तेल रंगात उतरलं की तिथे माती धरत नाही, मध्येच टक्कल पडतं. पुठ्ठा स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, वाळू द्या आणि दोन्ही बाजूंनी लाखेच्या पॉलिशचा हात मारा. मग तो पाण्याने फुगतही नाही. पुठ्ठा चित्रात चिकटवायचा नाही, फक्त छाप्यासाठी वापरायचा.

आपल्या फोटोवरूनही पुठ्ठा बनवता येतो. गिंपसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये फक्त खांद्याचा भाग कापा, 40 × 24 बिंदूंपर्यंत लहान करा आणि दोनच रंगांत बदला. बदलताना ठिपके विखरून देणारा (डिदरिंगचा) पर्याय निवडा, नाहीतर नुसते काळे डाग मिळतात. प्रत्येक बिंदूला 6 मिलिमीटरची चौकट धरली तर आकार 24 × 14.4 सेंटिमीटर भरतो. काळा बिंदू म्हणजे 4 मिलिमीटरचं भोक. भोकांमध्ये 2 मिलिमीटरचा पूल उरतो. त्याहून कमी ठेवला तर पुठ्ठा छाप्याच्या वेळी फाटतो. चामड्याला भोकं पाडायच्या पंचने तीन-चारशे भोकं पाडायला एक दुपार जाते. अंगठा दुखायचा नसेल तर रेडियमवाल्याकडे जा. त्याच्याकडचं कटिंग मशिन चिकट विनाइलवर हीच भोकं कापून देतं. फाइल रेषांची (व्हेक्टर) न्या, फोटोची नको.

छापा मारताना स्पंज जवळजवळ कोरडा हवा. रंगात बुडवा, वर्तमानपत्रावर तीन-चारदा टिपा, मग पुठ्ठ्यावर सरळ वरून ठोका. घासलं की रंग खाली शिरतो आणि ठिपक्याला शेपूट फुटतं. पहिला छापा मधल्या करड्या रंगाचा. तो पुरता वाळल्यावर पुठ्ठा अर्ध्या भोकाने सरकवून दुसरा काळा छापा, आणि तोही फक्त पाठीच्या कण्याजवळ. दर जागी पुठ्ठा केसांच्या दिशेने फिरवा: मानेवर मागे, बरगड्यांवर मागे आणि खाली. सगळीकडे एकाच दिशेने छापाल तर लांडगा चादर पांघरून उभा असल्यासारखा दिसेल.

तोंड आणि पाय यांच्याजवळ पुठ्ठा नेऊ नका. खांद्यापासून मानेकडे जाताना ठिपक्यांवर शून्य नंबरच्या कुंचल्याने आखूड केस ओढत जा, कानापर्यंत ठिपके संपले पाहिजेत. वीण कुठे संपते आणि कातडी कुठे सुरू होते हे बघणाऱ्याला सांगता येऊ नये. चित्र जमलं की नाही, ते याच वीतभर जागेत ठरतं.

डोळे: आधी रेडियम

लांडग्याच्या डोळ्यात पडद्यामागे एक परावर्तक थर असतो. बाहेरून आलेला उजेड त्यावर आदळून आला तसा परत जातो. रेडियमचा पत्राही हेच करतो. नावात रेडियम असलं तरी त्यात रेडियम धातू नसतो. बारीक काचेचे मणी किंवा बारीक लोलक असतात आणि ते उजेड आला त्याच दिशेने माघारी पाठवतात. म्हणून दिव्यापेक्षा रेडियम लांडग्याला जास्त जवळचं, आणि नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

पिवळा तुकडा घ्या, त्यातून 4 मिलिमीटरच्या दोन टिकल्या पाडा आणि बाहुलीच्या जागी भोकांवर चिकटवा. चमकते ती बाहुली, बुबुळ नाही. बुबुळ मधासारखं पिवळं रंगवा आणि त्याला काळी कड द्या. टिकली दिवसा राखाडी-पिवळी दिसते. ती झाकायला मीडियममध्ये कोळशाचा इतका पातळ हात द्या की खालचं वर्तमानपत्र वाचता यावं. एक हात पुरे. दुसरा दिला की परत येणारा उजेड मरतो.

तपासायला खोली अंधारी करा आणि मोबाइलची बॅटरी स्वतःच्या डोळ्याशेजारी धरून चित्राकडे बघा. हात लांब करून बॅटरी धरली तर काही दिसणार नाही, कारण उजेड बॅटरीकडे परत जातो, तुमच्याकडे नाही.

हवा असेल तर दिवा

प्रदर्शनात दर माणसाच्या हातात बॅटरी नसते. तिथे अंधार पडला की आपोआप लागणारे एलईडी लावता येतात. मग टिकल्यांच्या जागी भोकांवर बटर पेपरचा तुकडा चिकटवा, वर तोच पातळ कोळसा, आणि एलईडी मागून भोकात.

सामान: 3 मिलिमीटरचे दोन पिवळे एलईडी, 150 ओहमचे दोन रोध (रेझिस्टर), 47 किलोओहमचा एक रोध, 5 मिलिमीटरचा एक एलडीआर (उजेडाप्रमाणे ज्याचा रोध बदलतो तो), एक बीसी547 ट्रान्झिस्टर, दोन पेन्सिल सेलचा डबा, एक स्विच.

बीसी547 ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. प्रत्येक एलईडीचा लांब पाय 150 ओहममधून धन टोकाला, आखूड पाय कलेक्टरला. 47 किलोओहम धन टोकापासून बेसपर्यंत. एलडीआर बेसपासून ऋण टोकापर्यंत. एमिटर ऋण टोकाला. उजेडात एलडीआरचा रोध कमी असतो, बेसकडचा प्रवाह तो स्वतःकडे ओढून घेतो आणि ट्रान्झिस्टर बंद राहतो. अंधारात रोध वाढतो, प्रवाह बेसला मिळतो आणि डोळे लागतात. आधी ब्रेडबोर्डवर (तारा नुसत्या खोचून जोडायच्या पट्टीवर) जोडून एलडीआर बोटाने झाकून बघा, मग डाग द्या, म्हणजे सोल्डर करा.

दिवे लवकर लागावेत असं वाटलं तर 47 च्या जागी 22 किलोओहम घाला. मोबाइल चार्जरच्या 5 व्होल्टवर चालवायचं असेल तर 150 च्या जागी 330 ओहम आणि 47 च्या जागी 100 किलोओहम. घरातल्या 230 व्होल्टची तार चित्राच्या मागे आणू नका.

काय बिघडतं ते असं. एलईडी मुळीच लागत नाही: पाय उलटे असतील, नाहीतर पांढरा किंवा निळा एलईडी आणला असेल. त्यांना तीन व्होल्टच्या आसपास लागतात, दोन सेलवर ते नीट पेटत नाहीत. पिवळ्याला दोन व्होल्ट पुरतात. मंद लागतो: चार्जिंगचे सेल घातले असतील, ते दीड नाही तर 1.2 व्होल्टचे असतात. पेटल्यावर थरथरतो: एलडीआरला एलईडीचाच उजेड दिसतो आहे. एलडीआर चौकटीच्या वरच्या कडेला, छताकडे तोंड करून बसवा आणि मागून काळी टेप लावा. जोडणीला तांब्याची चिकट पट्टी वापरली असेल तर दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून भागत नाही. गोंदातून वीज जाईलच असं नाही, सांध्यावर डाग द्यावाच लागतो. ती पट्टी ओल्या मातीच्या रंगाजवळ ठेवू नका, तांबं हिरवं पडतं.

शेवटचा हात आणि टांगणं

मॅट ॲक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात. चकाकी असलेलं वार्निश मातीला ओल्या चिखलाची कळा आणतं. डोळ्यांवर वार्निश नको, टिकलीवर कागद ठेवून झाका. वार्निशने माती थोडी गडद होतेच, म्हणून तुमच्या नमुन्याच्या चौकोनांवर ते आधी लावून पाहा.

लांडगा खांद्याशी अडीच फुटांच्या आतला प्राणी. चित्र माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलं की तो उगाच वाघाएवढा होतो. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नजरेला त्याची नजर भिडेल इतकं खाली टांगा. एलडीआर खोलीतल्या ट्यूबलाइटच्या बाजूला असू द्या, म्हणजे ट्यूब बंद झाली की डोळे लागतील. रोज संध्याकाळी पाच तास चालवलं तर चांगले अल्कलाइन सेल तीनेक आठवडे टिकतात. धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने झटका, ओला फडका लावू नका. चित्र महिनाभर बांधून ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा. गळलेला सेल पत्र्या खातो आणि ते पाणी प्लायमध्ये उतरलं तर डाग पुढच्या बाजूपर्यंत येतो.